काळी, पांढरी आणि मधलं सगळं करडं

बीड जिल्ह्यात फोटोग्राफीचे दोन हंगाम असतात. पहिला रंगीत. तो मृगाच्या भरवशावर सुरू होतो आणि दिवाळीच्या आसपास आटोपतो. या दिवसांत पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, मांजरसुंब्याजवळ कपिलधारला पाणी कोसळतं, बालाघाटाचे उतार हिरवे होतात आणि जिल्ह्यातला प्रत्येक मोबाईल धबधब्याकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा हंगाम उरलेल्या सात-आठ महिन्यांचा. गवत वाळतं, ओढे आटतात, आभाळ धुळीनं पांढुरकं होतं. रंग संपतात. मग हौशी फोटोग्राफर गंभीर होतो आणि मित्रांना सांगतो की, आपल्याला आता कृष्णधवलची ओढ लागली आहे.

पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात आहे, पण तो छायाचित्रकारांसाठीच केल्यासारखा वाटतो. पर्जन्य कमी, छाया भरपूर.

ओढ लागली की पहिला उपाय सोपा असतो. मोबाईलमध्ये फोटो उघडायचा आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर बोट ठेवायचं. क्षणात रंग जातात आणि समोर येतो तो पिठल्यासारखा एकजीव, सपाट, करडा फोटो. डोंगर करडा, रान करडं, झाड करडं, आभाळ जरा पातळ करडं. फोटोग्राफर फोटो लांब धरून बघतो, जवळ धरून बघतो, चष्मा काढून बघतो. शेवटी खापर मोबाईलच्या कंपनीवर फुटतं.

वास्तविक मोबाईलनं काही चोरलेलं नसतं. रंगीत फोटोचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो. त्यांची एकच करडी छटा करताना एक जुना हिशेब वापरतात: लालचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११. माणसाच्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ दिसतो, म्हणून निम्म्याहून जास्त मतं त्याच्या पारड्यात. फेब्रुवारी ते मे या काळात बालाघाटात हिरव्याचा उमेदवारच उभा नसतो, हे हिशेब बसवणाऱ्यांना कोण सांगणार?

होळीच्या सुमारास फुललेला पळस घ्या. उघड्या डोंगरावर एकटा पेटलेला पळस रंगीत फोटोत बघणाऱ्याची मान वळवतो. आता आकडे मांडू. फुलाचा लाल २३०, हिरवा ९० आणि निळा २० धरला, तर हिशेबातून करडी छटा निघते १२४. मागच्या वाळलेल्या उताराचे हेच आकडे १५०, १२० आणि ९० धरले, तर उत्तर येतं १२६. म्हणजे २५६ पायऱ्यांच्या जिन्यावर पळस आणि डोंगर यांच्यात अंतर दोनच पायऱ्यांचं. पळस विझला म्हणायचं, की डोंगरात विरघळला म्हणायचं, एवढाच वाद उरतो.

इलाज त्याच अ‍ॅपमध्ये दोन बोटांवर असतो. कृष्णधवल केल्यावरही मूळ रंगांच्या पट्ट्या मागे जाग्या असतात. नारिंगी-लाल पट्टी उजवीकडे सरकवली की पळसाची फुलं चांदण्यासारखी उजळतात, डावीकडे सरकवली की त्याच फांद्यांवर कावळे बसल्यासारखे दिसतात. दोन्ही फोटो खरेच. पूर्वी हे काम भिंगासमोर रंगीत काच लावून व्हायचं, आणि काच निवडायची ती फोटो काढण्याआधी. लाल काच लावली की निळं आभाळ काळवंडायचं. आता घरी येऊन, चहा पिऊन, जेवण करून मग ठरवता येतं. एवढी सवलत मिळाल्यावर माणूस ठरवायला आठवडा लावतो, तो भाग वेगळा.

यानंतर येतो ‘काँट्रास्ट’. हौशी माणूस काँट्रास्टची पट्टी बघतो आणि बैलगाडीतून उतरून मोटारसायकलवर बसल्यासारखा ती शेवटपर्यंत पिळतो. फोटोला एकदम तेज येतं. काळं ते डांबर, पांढरं ते चुना. मधली सगळी माणसं स्थलांतराला गेल्यासारखी गायब. लिंबाच्या सावलीत बसलेली म्हैस सावलीत मिसळते आणि तिच्या पाठीवरचा बगळा तेवढा अधांतरी तरंगत राहतो.

खरं तर मराठी माणसाला छटा शिकवायची गरज पडू नये. १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या दोन छायाचित्रकारांनी ‘झोन सिस्टिम’ बसवली. निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंत अकरा कप्पे, शून्य ते दहा. मधला पाचवा म्हणजे करडा. जगभरचे फोटोग्राफर हे कप्पे घोकत आले. आपल्या भाषेत मात्र ते आजी-आजोबांच्या बोलण्यात आयते पडलेले आहेत. काळाकुट्ट, काळाभोर, काळाशार, काळपट, सावळा, करडा, गव्हाळ, भुरकट, पांढुरका, पांढराशुभ्र, पांढराफटक. मोजून अकरा. काळाकुट्ट आणि पांढराफटक या दोन टोकांना फोटोत काहीच दिसत नाही. काळपटापासून भुरकटापर्यंत खडकाचा पोत, सालीच्या भेगा, ढेकळांच्या कडा असं सगळं शाबूत राहतं.

अ‍ॅडम्सच्या पद्धतीत गोऱ्या अमेरिकी माणसाची उन्हातली कातडी सहाव्या कप्प्यात बसते. शून्यापासून मोजलं तर आपल्या यादीतला सहावा शब्द गव्हाळ. वधू-वर सूचक मंडळांनी मात्र या कप्प्याचा विस्तार केला आहे. तिथे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत सगळे गव्हाळच असतात.

काळ्या-पांढऱ्याची ही भाषा गावालाही आहे. जुन्या बोलीत गावाच्या जमिनीचे दोन भाग: वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. दोन्ही शब्द मातीवरून आलेले. म्हणजे गाव वसलं तेव्हापासून कृष्णधवलच होतं, कॅमेरा फार उशिरा आला. आणि या दोघींच्या मध्ये काय पसरलंय? बरड, मुरमाड, खडकाळ, पांधीची धूळ, वाळलेला कडबा, दगडी बांध. फोटोचा सगळा जीव त्या मधल्या पट्ट्यात असतो, आणि काँट्रास्टची पट्टी पहिला घाव घालते तोही तिथेच.

आता कॅमेऱ्याची बाजू. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक घाईत पंचनामा करायला आलेल्या माणसासारखं असतं. समोर काहीही असो, सरासरी एकच लावायची: जगावर पडणाऱ्या उजेडातला सुमारे १८ टक्के परत येतो. हा मधला करडा. नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानापुढे कॅमेरा धरला की तो म्हणतो, अंधार फार झाला, आणि काळी माती करडी करून ठेवतो. फुटलेल्या कापसावर धरला की म्हणतो, उजेड फार झाला, आणि पांढरा कापूसही करडा करतो. काळ्या आईचा आणि पांढऱ्या सोन्याचा भाव त्याच्या वहीत सारखाच. म्हणून जाणती माणसं फोटो काढतानाच कापसासाठी उजेड एक टप्पा वाढवतात आणि काळ्या रानासाठी एक टप्पा उतरवतात. परळीकरांना या मधल्या करड्याची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. औष्णिक विद्युत केंद्राच्या राखेमुळे हा रंग त्यांच्या नेहमीच्या बघण्यातला आहे.

पण वेचणीच्या दिवसांत काळं रान आणि पांढरा कापूस एकाच चौकटीत येतात, तेव्हा काय करायचं? डिजिटलचा नियम असा की पांढरं सांभाळायचं. बोंडातल्या कापसाचे तंतू एकदा पांढरेफटक झाले की त्यांच्या जागी नुसता कोरा कागद उरतो आणि कुठलीही पट्टी कुठेही सरकवली तरी तंतू परत येत नाहीत. काळं मात्र नंतर उकरता येतं. विहिरीसारखंच ते. थोडं खणलं की ओल लागते, सावलीतल्या फांद्या दिसायला लागतात. हावरटपणानं आणखी खाली गेलं की खडक लागतो, म्हणजे फोटोभर रेतीसारखे दाणे उठतात. त्याला इंग्रजीत नॉइज म्हणतात, आणि बोअरच्या गाडीचा आवाज ऐकलेल्यांना हे नाव लगेच पटतं.

हे सगळं दाखवणारा एक आलेख असतो, हिस्टोग्राम. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मध्ये करड्यांची गर्दी. हौशी फोटोग्राफरला तो नक्षत्रांच्या कुंडलीसारखा वाटतो: आपल्याला कळत नाही, पण काहीतरी वाईट लिहिलेलं आहे. तसं त्यात गूढ काही नाही. उजव्या भिंतीला आलेख चिकटला की कापूस गेला. डाव्या भिंतीला चिकटला की म्हैस गेली. मे महिन्यातल्या धुळकट दुपारचा आलेख उंटाच्या पाठीसारखा मधोमध उभा असतो आणि दोन्ही बाजूला मोकळं माळरान. त्या फोटोत खरा काळा नाही आणि खरा पांढराही नाही. दोन्ही टोकं आत ओढून उंटाला पाय पसरायला लावायचं, ही सुधारणेची पहिली पायरी.

इथे रॉ आणि जेपेग या फाइलच्या दोन प्रकारांचा प्रश्न येतो. जेपेग ही भाजलेली भाकरी, रॉ म्हणजे परातीतलं पीठ. भाजलेली भाकरी पुन्हा थापता येत नाही. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. धुळकट फोटोनं त्यातल्या ८० वापरल्या असतील आणि त्या ओढून २५६ वर पसरल्या, तर मधल्या पायऱ्या येणार कुठून? आलेख दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो आणि गुळगुळीत आभाळात पट्टे पडतात. चौदा बिटच्या रॉमध्ये पायऱ्या १६,३८४. तिथे ओढाताण सोसते. मात्र फाइल जड. मोबाईलची जागा भरते, आणि मग घरात निवड करावी लागते: बालाघाटाचा सूर्योदय ठेवायचा, की मेहुण्याच्या लग्नाचे व्हिडिओ. बालाघाट आजवर जिंकलेला नाही.

पुढची अडचण कागदाची. चांगल्या कॅमेऱ्याला उजेड-अंधाराचे तेरा-चौदा दुपटीचे टप्पे टिपता येतात, छापील कागदावर मावतात जेमतेम सहा-सात. सौताड्याच्या दरीचंच बघा. वर कड्यावर भर दुपारचं ऊन, खाली रामेश्वराच्या देवळाजवळ झाडांची गर्द सावली. हे सगळं कागदावर बसवणं म्हणजे तिघांच्या बाकावर एसटीत पाच जण बसवणं. कुणाला तरी सरकावं लागतं. ‘कर्व्ह’ नावाची वाकडी रेघ असते ती याच कामाची. तिला हलकासा इंग्रजी एससारखा बाक दिला की मधल्या करड्यांना ऐसपैस जागा मिळते आणि दोन्ही कडांचे प्रवासी अंग चोरून बसतात. बाक फार दिला तर कडेचे खिडकीबाहेर पडतात. कंडक्टरला जेवढं कळतं तेवढं कळलं तरी माणूस बरा फोटो करतो.

सगळ्यात मोठा मोह आभाळाचा. बीडचं उन्हाळी आभाळ फोटोत कोऱ्या पाटीसारखं येतं, आणि कोरी पाटी बघून मराठी माणसाच्या हाताला खाज सुटते. ही खाज जुनीच. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या उजेडाला नको इतक्या हळव्या होत्या आणि लाल त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे खालचं दृश्य नीट आलं की आभाळ कोरं पांढरं. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाच्या दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. त्यांना १८९४ साली ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. त्या काळच्या निसर्गचित्रांत आभाळ मोकळं दिसलं तर त्या दिवशी ढग नव्हते असं समजायचं कारण नाही, प्लेटला ते दिसत नव्हते. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात यावर तोड काढली. समुद्र एका निगेटिव्हवर, ढग दुसरीवर, दोन्ही मिळून एक छाप.

आता हेच काम फोटोशॉप एका बटणात करतं. आभाळ बदला, ढग निवडा, झालं. परिणामी एकच झुपकेदार ढग पाटोद्यावर दिसतो, गेवराईवर दिसतो आणि आष्टीवरही दिसतो. तीन तालुक्यांच्या फोटोंत मुक्काम करूनही जमिनीवर थेंब पाडत नाही. बीडकरांना असल्या ढगांचं नवल नाही.

ज्यांना परका ढग नको असतो ते स्वतःच्याच आभाळावर ‘क्लॅरिटी’ चालवतात. ही पट्टी प्रत्येक कडेजवळ फरक वाढवते, गडद बाजू आणखी गडद, उजळ बाजू आणखी उजळ. बेताबेतानं वापरली तर कंकालेश्वराच्या काळ्या दगडातलं कोरीवकाम उठून येतं. पूर्ण पिळली तर डोंगराच्या कडेनं, पवनचक्कीच्या पात्यांभोवती, झाडाच्या शेंड्यावर पांढरी कडी उमटते. बीडच्या खंडोबाच्या दोन उंच दीपमाळांभोवती अशी झळाळती प्रभावळ आलेले फोटो भक्तिभावानं पुढे पाठवले जातात आणि खाली हात जोडलेली चिन्हं पडतात. प्रभावळ देवाची नसून पट्टीची आहे, हे सांगायला कुणी धजत नाही.

त्यापेक्षा जुनी पद्धत संथ, पण सरळ. मराठीत फोटो ‘धुवायला’ टाकायचे, तेव्हा डार्करूममधला कारागीर कागदावर उजेड पडत असताना तारेवर लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये हलवायचा. तेवढी जागा उजळ राहायची. ओंजळीच्या फटीतून उजेड पाडला की ती जागा गडद व्हायची. फोटोशॉपमध्ये ‘डॉज’ आणि ‘बर्न’ या अवजारांची चित्रं आजही तशीच आहेत: एक काडीवरची चकती, एक वळलेला हात. कॉलेजातल्या पोरांना ती चकती लॉलीपॉप वाटते. आणि खुद्द फोटोशॉपचा जन्मही कृष्णधवलच. १९८७ साली थॉमस नॉल या अमेरिकी विद्यार्थ्यानं काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या मॅकिंटॉशवर करड्या छटा दाखवता याव्यात म्हणून एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आलं. आभाळ बदलायचं बटण फार नंतरचं, आधी होता तो करड्याचाच खटाटोप.

एकच फोटो आठवडाभर सुधारत बसणाऱ्याला घरचे नावं ठेवतात, तेव्हा त्यानं अ‍ॅडम्सकडे बोट दाखवावं. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावापाशी त्याला चंद्र उगवलेला दिसला. खाली स्मशानातले पांढरे क्रूस मावळतीच्या उजेडात चमकत होते. गाडी थांबवली, अवजड कॅमेरा उभा केला, आणि प्रकाशमापक सापडेना. चंद्राचं तेज किती असतं तो आकडा त्याच्या डोक्यात होता. त्यावरून हिशेब करून एक फोटो घेतला. दुसरा घेणार तोवर क्रूसांवरचा उजेड गेला. पुढची तीस-पस्तीस वर्षं तो त्या एकाच निगेटिव्हचे छाप काढत राहिला. सुरुवातीच्या छापांत आभाळ करडं आणि ढगाळ आहे, नंतरच्यांत जवळजवळ काळं. निगेटिव्हचा खालचा भाग त्यानं १९४८ मध्ये रसायनांनी पुन्हा जोरकस करून घेतला. एवढं करून फोटोची नेमकी तारीख त्याच्या ध्यानात राहिली नव्हती, ती चंद्राच्या जागेवरून खगोलाच्या अभ्यासकांनी काढून दिली.

आपल्याकडचा हौशी फोटोग्राफर तारीख विसरत नाही, ती फोनच लिहून ठेवतो. त्याची परीक्षा घरात असते. रात्री दिवे घालवून, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून तो मांजरसुंब्याच्या घाटाचा फोटो करतो. सकाळी छापून आणतो तर घाट अमावास्येचा. भगभगीत पडद्यावर सगळंच उजळ दिसतं, म्हणून हात काळं ओतत राहतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून खोलीत दिवा ठेवला तर ही फसगत बरीच टळते. पण तेवढं कळेपर्यंत घरात फोटोचं प्रदर्शन उरकलेलं असतं. आई म्हणते, “रंग नव्हता का रे त्याच्यात?” वडील काही बोलत नाहीत. त्यांचा स्वतःचा कृष्णधवल फोटो मुलानं मोठा करून आणलेला असतो, आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या रांगेकडे बघून ते एवढंच म्हणतात, “अजून आहे मी.” आजी फोटो उलटासुलटा करते आणि विचारते, “लाइट गेलती का?”

आजीचा प्रश्न शास्त्राला धरून आहे. अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, उरतात त्या फक्त उजेड-अंधार जाणणाऱ्या. लाइट गेल्यावर प्रत्येक घरात दिसतं ते कृष्णधवलच.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात कपिलधारच्या उघड्या खडकांचा फोटो काढायचा असेल, तर सकाळी लवकर जावं. ऊन तिरकं असतं आणि प्रत्येक दगडाला स्वतःची सावली असते. फोटो रॉमध्ये घ्यावा, आलेख उजव्या भिंतीला लागू देऊ नये. घरी आल्यावर आधी रंगांच्या पट्ट्या, मग टोकं, मग कर्व्ह, शेवटी क्लॅरिटी, तीही आमटीत मीठ घालावं तेवढीच. आणि आजीला फोटो दाखवायचा असेल तर मोबाईल अंगणात उन्हात धरू नये. पडद्यावर ऊन पडलं की सगळे काळे करडे होतात. तिला ओसरीवर सावलीत बसवून दाखवावा.